पावसाच्या आधी वारा

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांचे वर्णन करायला बसले की पहिला मान पावसाला जातो. महाबळेश्वरला वर्षाला ६,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, माण तालुक्यातल्या म्हसवडला तो ५०० मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. पश्चिमेला भात, नाचणी आणि हिरवेगार रान. पूर्वेला बाजरी, शाळू आणि मेंढरांचे कळप. सांगलीतही तोच उतार आहे. शिराळ्याच्या बाजूला चांदोलीचे रान इतके दाट की तिथे व्याघ्र प्रकल्प झाला, आणि जत-आटपाडीचे कितीतरी उन्हाळे टँकरची वाट पाहण्यात गेले. शाळेच्या भूगोलात या सगळ्याचे उत्तर 'पर्जन्यछाया' या एका शब्दात मिळते आणि विषय संपतो. उत्तर चुकीचे नाही, पण ते गोष्टीच्या मध्यापासून सुरू होते. पावसाच्या आधी वारा येतो, आणि पाऊस पाडून झाल्यावरही तो थांबत नाही. या दोन जिल्ह्यांत कोणते झाड किती वाढेल, कोणते फूल कोणत्या महिन्यात उमलेल आणि शेतकरी कशात पैसे घालेल, हे ठरवण्यात वाऱ्याचा हात पावसाइतकाच लांबवर पोहोचतो, असे माझे म्हणणे आहे. आपल्या ते ध्यानात येत नाही याचे एक कारण साधे आहे. पावसाचा आकडा पावसाळाभर रोज छापून येतो. वाऱ्याचा आकडा वादळ आले तरच.

आधी पाचगणी घेऊ. महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्या उंचीत फरक किरकोळ, रस्त्याने अंतर विसेक किलोमीटर. तरी पाचगणीचा पाऊस महाबळेश्वरच्या जेमतेम एक तृतीयांश. नुसत्या उंचीवर पाऊस ठरत असता, तर ही दोन गावे सारखीच भिजली असती. फरक पडतो तो वाऱ्याच्या वाटेवर कोण आधी आणि कोण मागे उभे आहे यामुळे. अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन आलेला वारा कोकण ओलांडून सावित्रीच्या खोऱ्यात शिरतो, समोर कडा आला की सरळ वर चढतो, चढताना थंड होतो आणि माथ्याच्या आसपास आपला बहुतेक भार टाकून देतो. पलीकडे उतरताना तीच हवा दबली जाऊन तापते. कोरडी हवा दर किलोमीटर उतरणीला साधारण १० अंशांनी. म्हणजे वाईच्या पुढे वारा नुसता रिकाम्या हाताने येत नाही, तो तहान घेऊन येतो. वाटेत माती, पान, तळे, जे लागेल त्यातून पाणी उचलत जातो. पर्जन्यछायेचा हा दुसरा भाग सहसा सांगायचा राहतो. तिथे पाऊस कमी पडतो हे खरे, पण जो पडतो तोही जास्त वेगाने उडून जातो.

या वाऱ्याच्या जोराचे कारण १९६९ साली ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ फाइंडलेटर यांनी नीट मांडले. पावसाळ्यात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला घासून, अरबी समुद्र ओलांडून भारतावर येणारा एक वेगवान झोत असतो आणि त्याचा गाभा समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर वाहतो. जून ते ऑगस्ट या काळात तिथे ताशी ५० किलोमीटरच्या वर वेग असणे ही नेहमीची गोष्ट. आता सह्याद्रीच्या माथ्यांची उंची पाहा. कास आणि चाळकेवाडीची पठारे ११०० ते १२०० मीटरच्या आसपास, महाबळेश्वर त्याहून थोडे वर. हे माथे त्या झोतात डोके घालूनच उभे आहेत. खाली कऱ्हाडात झाडाचे पान हलत असते तेव्हा वर सड्यावर माणसाला सरळ उभे राहता येत नाही. पाटण तालुक्यातल्या सडावाघापूरला पावसाळ्यात धबधबा कड्यावरून खाली पडण्याऐवजी उलटा वर उडतो आणि तो पाहायला गर्दी लोटते. महाबळेश्वरच्या आर्थर सीटवरून खाली टाकलेली हलकी वस्तू वर परत येते, हाही खेळ पर्यटकांच्या सवयीचा. दोन्हीकडे दिसते ते एकच: कड्याला अडून उभा चढणारा वारा. गंमत म्हणून आपण तो पाहतो आणि घरी येतो. त्याच वाऱ्यात झाडे, गवते, किडे आणि पाखरे चार महिने काढतात.

सडा म्हणजे जांभ्याचे सपाट पठार. कासचा सडा २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हापासून त्याच्या फुलांबद्दल पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या उंचीबद्दल मात्र कुणी फारसे बोलत नाही. गेंदाचे पांढरे गोंडे, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले, तेरडा, कवला. बहुतेक सगळा संसार घोट्यापासून पोटरीपर्यंत. वाऱ्याचा एक नियम इथे कामाला येतो. जमिनीलगतची हवा जमिनीला घासून मंदावते. जसजसे वर जावे तसतसा वेग वाढतो. वेग दुप्पट झाला की झाडावरचा दाब चौपट होतो. म्हणजे वीतभर उंचीचे झुडूप आणि पुरुषभर उंचीचे झुडूप एकाच सड्यावर असले तरी दोन वेगळ्या हवामानांत राहतात. गेंद जवळून पाहिला तर हा हिशेब उघडा दिसतो. पानांचा झुबका चिखलाला चिकटलेला, त्यातून तारेसारखी ताठ-लवचीक बारीक दांडी वर आलेली, दांडीवर एकही पान नाही आणि टोकाला मण्याएवढा गोंडा. वाऱ्याला धरायला काही ठेवलेलेच नाही. दांडी थरथरते, आडवी होते, पुन्हा उभी राहते. सीतेच्या आसवांना तर धड पानेही लागत नाहीत. ही वनस्पती आपली पोषणद्रव्ये ओल्या थरातल्या सूक्ष्म जिवांना बारीक फुग्यांत पकडून मिळवते आणि वर फक्त फुलापुरती येते.

यावर हरकत ठरलेली आहे आणि ती वजनदार आहे. सड्यावर झाडे खुजी आहेत ती वाऱ्यामुळे कशाला, मातीच नाही म्हणून. जांभ्यावर कुठे बोटभर, कुठे वीतभर माती; मोठ्या झाडाची मुळे जाणार कुठे? शिवाय पावसाळ्यात पाणी तुंबते आणि उन्हाळ्यात दगड तापतो. हे सगळे खरे आहे, आणि कासपुरतेच पाहिले तर माती आणि वारा यांची कामे वेगळी काढता येत नाहीत. उघड्यावर साठलेली बारीक माती वारा-पाऊस मिळून नेतात, त्यामुळे मातीचा अभाव हीसुद्धा थोडी त्यांचीच करणी. पण महाबळेश्वरला ही गाठ सुटते. तिथल्या जांभ्यावर सदाहरित रान उभे राहील इतकी माती आहे आणि पाऊस तर मागाल तेवढा. तरी तिथले रान भीमकाय नाही. अंजनी, जांभूळ, पिसा यांचे हे जंगल बुटके, दाट, वरून छाटल्यासारखे सपाट. अंजनीची पाने जाड आणि कातडीसारखी, लाकूड लोखंडासारखे टणक, खोडावर शेवाळ्याचे थर. जांभूळ हे झाड मैदानात उंच वाढते हे प्रत्येकाने पाहिलेले आहे. उघड्या माथ्यावर तेच झाड गुमानपणे आखडते. घळीत, आडोशाला उतरले की त्याच पावसात उंची वाढत जाते. कड्याच्या पश्चिम कडेची झाडे पाहिली तर अनेकांचा पसारा पूर्वेकडे झुकलेला असतो, कारण पश्चिमेच्या कोवळ्या डिऱ्या दर पावसाळ्यात झोडपून मरतात. मातीला पूर्व-पश्चिम कळत नाही. झाडाच्या अंगावर दिशा उमटली असेल, तर ती वाऱ्यानेच उमटवलेली.

झाड आखडते म्हणजे नेमके काय होते, याचाही शोध लागला आहे. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ मार्क जाफ यांनी १९७३ साली दाखवले की रोपांना रोज थोडा वेळ नुसते चोळले किंवा हलवले, तरी ती उंचीने कमी आणि खोडाने जाड वाढतात. पाणी, खत, ऊन तेच. फरक फक्त हलण्याचा. म्हणजे वाऱ्याने मोडण्याआधीच झाड वाऱ्याची दखल घेते आणि उंचीवर करायचा खर्च खोडाकडे आणि मुळांकडे वळवते. एका झाडाच्या आयुष्यातली ही तडजोड झाली. पिढ्यान्पिढ्या वाऱ्यात बुटकीच तगत गेली तर बुटकेपणा बियाण्यात उतरतो, आणि त्याचा सुंदर दाखला कासच्याच परिसरात आहे. डोंगरउतारावरची कारवी माणसाच्या डोक्यावरून जाते. तिच्या काठ्यांचे कूड घालतात. सड्यावर मात्र तिची बहीण, टोपली कारवी. मांडीपर्यंतही नीट न पोहोचणारी, पालथ्या टोपलीसारखी गोल आणि गच्च. दोन्ही एकाच कुळातल्या, दोन्ही वर्षानुवर्षे थांबून एकदाच बहरणाऱ्या, पण जाती वेगळ्या. टोपली कारवीचे रोप परसात आडोशाला लावले तरी तिची उंच कारवी होणार नाही. गुरांचे चरणे आणि वणवे यांनाही असा गोलसर आकार सोसतो, हे मान्य. पण गोल घुमटावरून वारा घसरून जातो आणि बाहेरच्या काटक्यांच्या आड आतल्या कळ्या सुरक्षित राहतात, हा फायदा सड्याइतका दुसरीकडे कुठे लागत नाही.

आता वेळेकडे वळू. कासचा मुख्य बहर ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होऊन सप्टेंबरभर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो. लोक म्हणतात, पाऊस ओसरला, ऊन पडले, फुले आली. पण पाणी जूनपासूनच मुबलक आहे, आणि आठ-पंधरा दिवसांची उघडीप जुलैतही कधी मिळते. सप्टेंबरात खास घडते ते वेगळे: तो समुद्रावरचा झोत ढिला पडतो. सड्यावरची बहुतेक रंगीत फुले कीटकांसाठी आहेत, आणि मधमाशी किंवा फुलपाखरू ताशी ४०-५० किलोमीटरच्या वाऱ्यात फुलावर बसू शकत नाही. वारा असताना फूल उघडणे म्हणजे गिऱ्हाईक नसताना दुकान मांडणे. गवतांचे परागण तर थेट वाराच करतो, तरी तीही जुलैत तुरे काढत नाहीत. भिजलेला पराग उडत नाही, चिकटून बसतो. म्हणून तीही हवा कोरडी आणि वारा बेताचा होईपर्यंत थांबतात. एकाला वारा नको म्हणून, दुसऱ्याला योग्य वारा हवा म्हणून. दोघेही त्याच महिन्यावर येतात. दिवसाची लांबी, ऊन, तापमान यांचाही यात वाटा आहेच. मी त्यांना रजा देत नाही, फक्त त्यांच्या रांगेत वाऱ्याला जागा मागतो.

आणि सप्टेंबरचीच गोष्ट पूर्वेला न्या. आषाढात माणदेशातल्या माणसाला ढगांची कमतरता नसते. पश्चिमेकडून ढगांचे लोंढेच्या लोंढे डोक्यावरून पळत जातात, धूळ उडते, वारा रात्रंदिवस घोंघावतो आणि पाऊस म्हणावा तर चार थेंब. खरिपाची बाजरी त्याच वाऱ्यात कशीबशी तग धरते. पश्चिमेचा जोर ओसरला, की मगच दुपारच्या तापलेल्या हवेला वर चढून उंच ढग बांधायला उसंत मिळते आणि बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या पावसालाही वाट मोकळी होते. म्हणून माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्याचा मोठा पाऊस सप्टेंबरातला. उत्तरा आणि हस्ताची वाट इथे पाहतात आणि शाळू त्याच ओलीवर पेरतात. कासचे फूल आणि जतचा शाळू यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे कुणाच्या मनात येत नाही. दोघांचेही वेळापत्रक मात्र एकाच वाऱ्याच्या ओसरण्याने लागते. पावसाच्या नकाशावर ही दोन टोके आहेत. वाऱ्याच्या नकाशावर ती एका ओळीत येतात.

पश्चिमेला हवा बाष्पाने भरलेली असते, त्यामुळे तिथे वारा झाडाला सुकवत नाही, झोडपतो. पूर्वेला तो सुकवतो. प्रत्येक पानाच्या पृष्ठभागाला चिकटून दमट हवेचा एक पातळ थर असतो. पानातून निघालेली वाफ त्या थरातून सावकाश बाहेर जाते. वारा तो थर पुसून काढतो, कोरडी हवा पानाला भिडते आणि पाणी ओढले जाते. सांगली जिल्ह्यात हेच एक तत्त्व दोन अगदी उलट धंद्यांच्या मुळाशी आहे, आणि ते धंदे कित्येकदा एकाच तालुक्यात चालतात. मिरज तालुक्यात बेडग, आरग, नरवाड, मालगाव या बाजूला पानमळे आहेत. विड्याच्या पानाची वेल मूळची दमट, सावलीच्या रानातली. तिला वर्षाला जेमतेम ५००-६०० मिलिमीटर पावसाच्या, उघड्या माळाच्या मुलखात वाढवायचे म्हणजे पाणी देणे हे अर्धेच काम. पाणी विहिरीतून आणता येते, दमट हवा कशातून आणायची? ती अडवावी लागते. म्हणून पानमळ्यात शेवरी, शेवगा, पांगारा, हदगा यांच्या दाट ओळी असतात. वेल त्यांच्यावर चढते, त्यांच्या सावलीत राहते आणि बाहेरच्या कडेला शेवरीची आणखी गच्च फळी किंवा ताट्या उभ्या केलेल्या असतात. आत पाऊल टाकले की हवा बदलते. बाहेर फुफाटा आणि आत ओलसर, गार, जवळजवळ निर्वात बोळ. पानमळ्याच्या कडेच्या ओळीतले पान आणि मधल्या ओळीतले पान शेजारी ठेवले तर न सांगता कळते: कडेचे लहान, जाडसर, किनारीला करपलेले किंवा घासून डागाळलेले; मधले रुंद, मऊ आणि तजेलदार. पाणी, खत आणि माणसाची मेहनत दोघांना सारखीच मिळालेली असते.

इथे शेतकऱ्याने केलेली निवड बारकाईने पाहण्याजोगी आहे. पक्क्या भिंतीने वारा पूर्ण अडतो असे वाटते, पण भिंतीवरून उसळलेली हवा पलीकडे भोवरे होऊन आपटते. झाडांची पाझरती ओळ वाऱ्याला थोडे आत येऊ देते आणि त्याचा जोर मोडते. तिचा आडोसा तिच्या उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत जाणवतो. शेवरी त्या कामाला अचूक आहे, शिवाय ती हवेतला नत्र जमिनीत आणते. पुस्तकातल्या सूक्ष्म हवामानशास्त्राच्या कितीतरी आधीपासून हे ज्ञान मळ्यात वापरात आहे.

त्याच मुलखात, तासगाव-कवठेमहांकाळपासून मिरजेच्या पूर्व भागापर्यंत, फेब्रुवारी ते एप्रिल बेदाण्याच्या शेडी भरलेल्या असतात. वर छप्पर, बाजू मोकळ्या किंवा जाळीच्या, आत एकावर एक जाळीचे मजले. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढली, की सालीवरच्या मेणाचा अडसर ढिला होतो आणि मग ती जाळीवर पसरतात. पंधरा-वीस दिवसांत रसरशीत मणी बेदाणा होतो. हे काम उष्णतेचे आहे, वाऱ्याचे नव्हे, असे कुणी म्हणेल. पण मग द्राक्षे उन्हात का टाकत नाहीत? उन्हात रंग तपकिरी होतो, सावलीत हिरवा-पिवळा राहतो आणि भाव त्याला मिळतो. सावलीत काम भागते ते वाहत्या कोरड्या हवेवर. ढगाळ, कोंदट दिवस आले की पारा फारसा उतरलेला नसतानाही वाळवण अडते, मण्यांना बुरशी धरते आणि माल काळा पडतो. अवकाळी पावसाची धास्ती बेदाणेवाल्याला असते ती पाणी अंगावर पडेल म्हणून जेवढी, तेवढीच हवा दमट होईल म्हणून. पानमळेवाला ज्या कोरड्या वाऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी झाडे लावतो, त्याच वाऱ्यासाठी बेदाणेवाला भिंती बांधत नाही. पावसाच्या आकड्यावरून या दोघांतला फरक कधीच समजणार नाही. पाऊस दोघांनाही सारखाच पडतो.

वाऱ्याचे आणखी एक काम आहे, वाहून नेण्याचे. रुईच्या म्हाताऱ्या, सावरीचा कापूस, ऐनाची पंख असलेली फळे, हे सगळ्यांच्या माहितीचे आहे. त्यावर थांबत नाही. जास्त महत्त्वाचे ओझे डोळ्याला दिसत नाही. महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेरा रोगावर काम करणारे संशोधन केंद्र आहे, आणि थंड हवेच्या ठिकाणी स्ट्रॉबेरी सोडून गव्हाचे केंद्र कशाला, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. तांबेऱ्याची बुरशी जिवंत गव्हावरच जगते. मैदानात उन्हाळ्यात गहूही नसतो आणि ऊनही तिला सोसत नाही. मग दर हिवाळ्यात रोग येतो कुठून? आग्र्याचे के. सी. मेहता यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्षानुवर्षे खपून दाखवले की रोग दरवर्षी थंड डोंगरांतून खाली उतरतो. काळ्या तांबेऱ्याचे मूळ ठाणे दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या डोंगरांत. नोव्हेंबरातल्या वादळांबरोबरचे वारे तिथले बीजाणू उचलून शेकडो किलोमीटर उत्तरेला नेतात आणि पावसाबरोबर शेतात उतरवतात. महाबळेश्वरच्या गारव्यात ही बुरशी वर्षभर जिवंत ठेवून कोणते वाण तिला दाद देत नाही हे तपासता येते. गव्हाच्या शेतकऱ्याचा शत्रू बांधावर नसतो, तो वाऱ्याच्या वाटेवर असतो.

उसाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि इथे माझ्या बाजूने ओढून बोलणे बरे नव्हे. २००२ च्या पावसाळ्यात लोकरी मावा महाराष्ट्रात पहिल्यांदा दिसला तो सांगली जिल्ह्यात, आणि बघता बघता तो कोल्हापूर, सातारा करत पश्चिम महाराष्ट्रभर आणि कर्नाटकात पसरला. पानांच्या खालून पांढरी लोकर, वरून चिकट रस आणि त्यावर काळी बुरशी. या माव्याच्या पंख असलेल्या पिढ्या हवेवर तरंगत दूर जातात, हे खरे. पण उसाचे वाढे चाऱ्यासाठी गाडीत भरून गावोगाव जात होते, बेणेही जात होते. त्यांचाही वाटा मोठा. वारा तोच वाहतूकदार, पण रस्त्याशी भागीदारीत. पुढे या माव्यावर जगणाऱ्या कोनोबाथ्राच्या अळ्या आणि मायक्रोमस यांनी पुष्कळ ठिकाणी त्याला आवरले. हे मित्रकीटकही उडणारेच. मावा ज्या हवेवर आला, तिच्यावरूनच तेही त्याच्या मागावर शेताशेतांत पोहोचले.

शेवटी चाळकेवाडी. साताऱ्याच्या पश्चिमेला ठोसेघरच्या पुढे, आणि पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या सड्यावर, १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. सांगलीत ढालगाव, गुढे-पाचगणी या भागांतही. कारण उघड आहे. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते, वेग दुप्पट तर शक्ती आठपट; ज्या झोताने सड्यावर झाड वाढू दिले नाही, त्यानेच तो वीज कंपन्यांच्या नजरेत भरवला. उपयोग नसलेला, पडीक माळ अशीच सड्याची ओळख असल्याने विरोधाचे कारण कुणाला दिसले नाही. पण सडा रिकामा नव्हता. कड्यावरून वर चढणारा वारा शिकारी पक्ष्यांना फुकट उचलून धरतो. कापशी वाऱ्याकडे तोंड करून, पंख किंचित हलवत एकाच जागी हवेत थांबते आणि खालच्या गवतातली हालचाल टिपते. पवनचक्की बांधायला उत्तम जागा आणि कापशीला शिकारीला उत्तम जागा या एकच निघतात.

मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा याच चाळकेवाडीच्या पठारावरचा अभ्यास २०१८ साली 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' या नियतकालिकात आला आणि जगभर वाचला गेला. त्यांनी एकाच पठारावरचे पवनचक्क्यांचे आणि बिनपवनचक्क्यांचे भाग ताडून पाहिले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चार पटींनी कमी होते, त्यांचे हल्लेही कमी. परिणामी 'सरडा सुपर्बा' हा सरडा, जो २०१६ साली याच पठारावरून शास्त्राला नव्याने ओळखीचा झाला, तिथे जास्त दाट झाला. एवढ्यावर थांबले असते तर कुणी म्हणाले असते, पाखरे गेली, सरडे वाढले, फिटंफाट. पण सरडेही बदलले. त्यांच्या रक्तातले ताणाचे संप्रेरक कमी आढळले, माणूस खूप जवळ येईपर्यंत ते पळेनात, गर्दीमुळे अन्नाची ओढाताण होऊन अंगाने किरकोळ झाले. नराच्या गळ्याखाली पंख्यासारखा उघडणारा निळा, काळा, नारिंगी पडदा असतो, तो फुलवून नर मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला हटकतो. पवनचक्क्यांच्या भागात त्या पडद्याचे रंग फिके पडलेले होते.

हा परिणाम वाऱ्याचा नव्हे, यंत्राचा, अशी हरकत इथे येईल. मला ती पटत नाही. पठारावर हवा तीच, गवत तेच, सरडा तोच. यंत्राने बदलले ते एवढेच की चढत्या वाऱ्याचा वापर कोण करतो. पूर्वी कापशी करत होती, आता पाते करते. ती एक गोष्ट काढून घेतल्याबरोबर खाली गवतातल्या सरड्याच्या गळ्याचा रंग उतरतो, यावरूनच पूर्वी वारा त्या अन्नसाखळीत किती खोल गुंतला होता ते कळते. दुसरी हरकत मात्र खरोखर अवघड आहे: कोळशाची वीज याहून कितीतरी जास्त नासधूस करते, मग सरड्यांसाठी पवनचक्क्या थांबवायच्या का? थांबवा असे त्या अभ्यासातही म्हटलेले नाही. प्रश्न जागा निवडण्याचा आहे. वारा सगळ्या माथ्यांवर असतो. कड्याच्या अगदी धारेवर तो पक्ष्यांना उचलतो, आत पठारावर किंवा पूर्वेकडच्या उघड्या माळांवर तेवढा उचलत नाही. ढालगावच्या बाजूचे माळ आणि चाळकेवाडीचा सडा या दोन्ही ठिकाणी पाते फिरते, पण त्याची किंमत दोन्हीकडे सारखी नाही. वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या मनोऱ्यावर एखादा दुर्बीण घेतलेला माणूस वर्षभर बसवला, तर कोणत्या धारेवर कोण उडते याची नोंद वेगाच्या नोंदीशेजारीच तयार होईल, आणि खांबांच्या जागा ठरवताना दोन्ही कागद एकाच टेबलावर ठेवता येतील.